चौदावा मुद्दा

मंगळवारी सकाळी साडेनऊला मामाचा फोन आला.

"टपाल," तो म्हणाला, "माझं फुप्फुस पेपरात आलंय."

टपाल म्हणजे मी. नोकरीला लागले तेव्हा घरच्यांना माझं काम समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला होता. पाच वेगवेगळ्या संस्थांमधले डॉक्टर आणि संशोधक मिळून एक अभ्यास करतात. त्यांच्या परवानग्या वेळेवर याव्यात, कागद फिरावेत, रक्ताच्या नळ्या बरोबर फ्रीजरमध्ये जाव्यात आणि कुणी कुणाच्या अंगावर धावून जाऊ नये, हे मी बघते. पद 'संशोधन सहकार्य साहाय्यक'. मामाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे एकाचं पत्र दुसऱ्याला द्यायचं. टपाल." त्यानंतर घरात माझ्या पदाविषयी कुणाला शंका राहिली नाही.

"कुणाचं फुप्फुस?" मी विचारलं.

"माझं. आतल्या पानावर. खाली गाद्यांची जाहिरात, वर मी. वाचू?"

"वाच."

त्याने घसा साफ केला. मामा पेपर वाचताना बातमीदार होतो. "'सहभागी क्रमांक सत्तेचाळीस यांचे वय एकसष्ट असले, तरी त्यांच्या फुप्फुसांचे वय एक्क्याऐंशी असल्याचे आढळून आले. संपूर्ण अभ्यासातील ही सर्वांत चिंताजनक नोंद आहे.'" पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सत्तेचाळीस मीच ना गं?"

मी समोरच्या कागदावर सत्तेचाळीस लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला.

"मामी म्हणते दुसरा कुणीतरी असेल. म्हटलं, एक नंबर दोघांना देत नाहीत, बसची सीट आहे का ती?"

"मी बघते, मामा. संध्याकाळी येते."

"ये. पण तू म्हणाली होतीस, आधी मला सांगतील."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मामा फोन कधी ठेवत नाही. तो बोलणं संपवतो, फोन टेबलावर तसाच टाकतो आणि आपल्याला पुढची दहा मिनिटं रंधा चाललेला ऐकू येतो. त्या दिवशी त्याने फोन व्यवस्थित बंद केला.

आमचा अभ्यास सुतारांच्या फुप्फुसांचा होता. लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला की काय होतं, ते बघायचं. सहाशे बारा सुतार, पाच संस्था, तीन वर्षं. पाचांतल्या एकीला सगळे जुनी संस्था म्हणायचे, एकीला मोठी; माझी संस्था उरलेल्या तिघींतली. मामा त्रेचाळीस वर्षं सुतार आहे. दर तीन महिन्यांनी तो जुन्या संस्थेत जायचा, रक्त द्यायचा आणि एका नळीत जीव खाऊन फुंकायचा. फुंकून घेणारी नर्स "अजून, अजून, अजून" असं ओरडते याचं त्याला फार कौतुक. मामीने त्याला कधी 'अजून' म्हटलेलं नाही, असं तो सगळ्यांना सांगतो. कारखान्यातल्या अकरा जणांना त्यानेच गोळा करून आणलं. आपला नंबर त्याने स्वतःच्या स्टुलावर पाठीमागून रंगवला होता. आम्ही गुप्ततेसाठी दिलेला नंबर.

तो तयार झाला होता चौथ्या पानामुळे. संमतीपत्राच्या चौथ्या पानावर एक वाक्य आहे: तुमचा अहवाल आधी तुम्हाला, मग जगाला. ते वाक्य माझं. त्या संमतीपत्राचा माझा मूळ मसुदा पाचही संस्थांनी सहा महिने कापला. त्यातलं माझं एवढंच वाक्य शाबूत राहिलं. तेव्हा मला वाटलं, सगळ्यांना ते आवडलं. नंतर लक्षात आलं की चौथ्या पानापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

मामा पोचला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कानामागची पेन्सिल काढून, त्या वाक्याखाली त्याने रेघ मारली आणि विचारलं, "हे तू लिहिलंयस?" मी हो म्हटलं. मग त्याने सही केली. पाच संस्था आहेत हे ऐकल्यावर एवढंच म्हणाला होता, "पाच फळ्या जोडल्या की एखादी ओली निघतेच. जोडताना कळत नाही. सुकली की आक्रसते, मग फट दिसते."

मी हसले होते. आम्ही लाकूड नाही, मामा, आम्ही संशोधक आहोत, असंसुद्धा म्हणाले होते. हे आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

आता थोडं आमच्या पद्धतीविषयी, कारण गुन्हा तिनेच केला.

माझं ऑफिस म्हणजे पूर्वीची एक्स-रेची खोली. दाराला आतून शिशाचा पत्रा आहे. दार लावलं की फोनला रेंज येत नाही, म्हणून मी तीन वर्षं दारात एक पाय बाहेर ठेवून पाच संस्थांना एकत्र ठेवलं. सुरुवातीला भांडण झालं ते बोधचिन्हांवरून. आमच्या कागदावर पाच संस्थांची पाच चिन्हं, मग डावीकडे पहिलं कुणाचं? चार महिने गेले. मी सुचवलं, गोल करू, गोलात पहिलं-शेवटचं कुणी नसतं. सगळे खूश. तीन आठवड्यांनी मोठ्या संस्थेचं पत्र आलं, गोलात बारा वाजता कोण आहे? शेवटी दर महिन्याला गोल एक घर फिरवायचं ठरलं. आमचा कोणताही कागद बघून तो कुठल्या महिन्याचा आहे ते सांगता येतं.

त्यानंतरचा प्रश्न उत्तरांचा. कुणी उत्तरच द्यायचं नाही. जुन्या संस्थेचे मुख्य डॉक्टर होते, ते प्रत्येक गोष्टीला "बघतो" म्हणायचे, म्हणून त्यांचं नाव बघतो-डॉक्टर पडलं. नळ्यांच्या झाकणाचा रंग कोणता असावा हे बघायला त्यांनी एकाहत्तर दिवस घेतले. बाकीचे तेवढंही म्हणायचे नाहीत. तेव्हा मी एक नियम लिहिला. मेल पाठवल्यापासून सात दिवसांत उत्तर न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल. तो नियम मंजुरीसाठी पाचही संस्थांना पाठवला. कुणाचंही उत्तर आलं नाही. सात दिवसांनी तो मंजूर झाला. स्वतःच स्वतःला पास करणारा दुसरा नियम माझ्या पाहण्यात नाही.

त्यानंतर काम लोण्यासारखं चालू लागलं. ताई म्हणाल्या, "तू या अभ्यासाचा जीव वाचवलास."

ताई मोठ्या संस्थेच्या आकडेतज्ज्ञ. पहिल्याच दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, "मॅडम दरवाजावरची पाटी असते. ताई म्हण." जे काही मला येतं, ते त्यांनी शिकवलंय. चाळीस नळ्या चुकून भलत्याच संस्थेत गेल्या, तेव्हा भर बैठकीत "ती माझी चूक" म्हणणाऱ्या त्याच. वडिलांच्या ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेरच्या बाकावर सहा तास माझ्या शेजारी बसल्या होत्या. मला रडू येऊ नये म्हणून त्यांनी मला तिथे प्रमाण विचलन शिकवलं. रडू आलंच, पण वेगळ्या कारणाने.

आणि पहिल्या महिन्यातच, कँटीनमध्ये चहा ढवळत त्या म्हणाल्या होत्या, "एक लक्षात ठेव. कागदात काही लपवायचं असलं ना, की ते चौदाव्या मुद्द्यात लपवतात. पहिला मुद्दा सगळे वाचतात. शेवटचा, ज्यांना घाई आहे ते वाचतात. चौदापर्यंत येईस्तोवर चहा गार होतो आणि माणूस उठतो."

तेव्हापासून मी प्रत्येकाचा चौदावा मुद्दा वाचत आले. लायब्ररीच्या नियमांचा वाचला, घरमालकाच्या कराराचा वाचला. फक्त ताईंचा कधी वाचला नाही. ज्यांनी झडती घ्यायला शिकवलं, त्यांच्याच पिशवीत कोण हात घालतं?

मामाचा फोन झाल्यावर मी आधी बघतो-डॉक्टरांना फोन लावला. "सर, आपल्या अभ्यासाची बातमी आलीय. तुमच्या संस्थेचा पेशंट आहे."

"आपला अभ्यास संपला?"

"नाही सर."

"मग बातमी कशी आली?"

"तेच विचारतेय."

"हं," ते म्हणाले. "बघतो."

मग मी दाराबाहेर पाय ठेवून पेपर उघडला. बातमीत अभ्यास होता, सुतार होते, सत्तेचाळीस नंबर होता. संस्था एकच होती, मोठी. कोपऱ्यात बोधचिन्हही होतं, एकटंच. आता बारा वाजताही तेच आणि सहा वाजताही तेच.

मी पाठवलेल्या मेलमध्ये शोधलं. एक मेल सापडला, दोन महिन्यांपूर्वीचा. विषय: फ्रीजरच्या साफसफाईचे वेळापत्रक. ताईंनी मला पाठवलेला, मी वर "कृपया पाहावे" लिहून पाचही संस्थांना पुढे पाठवलेला. पहिला मुद्दा, बर्फ कोणी खरवडावा. सहावा, हातमोजे. अकरावा, जुनी लेबलं. आणि चौदावा: व्यवस्थापन सुलभ व्हावे यासाठी सर्व नमुने व त्यासोबतची माहिती मोठ्या संस्थेच्या स्वाधीन करण्यात यावी, त्यांचा वापर व प्रसिद्धी यांबाबतचा निर्णय सदर संस्था घेईल.

पंधरावा मुद्दा होता, पोछा.

खाली आठव्या दिवसाची माझीच नोंद होती: कोणाचीही हरकत न आल्याने सर्वानुमते मंजूर. शेवटी एक हसरा चेहरा टाकला होता. बर्फ खरवडण्यावरून यंदा भांडण झालं नाही, याचा मला आनंद झाला होता.

दुपारी मी मोठ्या संस्थेत गेले. तिथे गळ्यात 'पाहुणा' असं कार्ड घालावं लागतं. तीन वर्षं मी ते घालत आले, कधी काही वाटलं नव्हतं.

ताई काचेच्या खोलीत होत्या. मला बघून खुर्ची पुढे सरकवली. "बस. जेवलीस?"

"ताई, सत्तेचाळीस नंबर माझा मामा आहे."

त्यांचा हात कीबोर्डवर थांबला. "मला माहीत नव्हतं. माहीत असायलाही नको, नावं झाकलेली असतात. तूच झाकलीस." मग हळूच, "कसे आहेत ते?"

"एक्क्याऐंशी वर्षांचे."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघ, बातमीत तो नंबर टाकायला नको होता. प्रसिद्धीवाल्यांनी घोळ घातला. त्यांना मी बोलेन."

"बातमीच यायला नको होती. आधी त्यांना सांगायचं होतं."

"कुणी म्हटलं?"

"पान चार."

"अगं, पान चार कोण वाचतं?"

"मामाने वाचलं होतं."

ताईंनी पुन्हा चष्मा लावला. काचेच्या पलीकडे एक माणूस झाडाला पाणी घालत होता. झाड प्लास्टिकचं होतं. इतर कोणत्याही दिवशी आम्ही दोघींनी त्यावर अर्धा तास काढला असता.

"तुम्ही मला फसवलंत," मी म्हणाले.

"मी मेल पाठवला," ताई म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. बाकावर विचलन शिकवताना होता तोच आवाज. "तू तो पाचही जणांना पाठवलास. तू सात दिवस थांबलीस. तू मंजूर लिहिलंस. नियम तुझा, सही तुझी. यात मी कुठे आहे?"

"चौदाव्या मुद्द्यात."

आणि त्या हसल्या. वाईट नाही हो, चांगलंच हसल्या. विद्यार्थिनीने बरोबर उत्तर दिल्यावर हसतात तसं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "पाच जणांचं हो यायला अजून तीन वर्षं लागली असती. तोवर तुझ्या सुतारांनी भुसा खाल्ला असता. आता बातमी आली, आरडाओरडा होईल, कारखान्यांना धूळ ओढायची यंत्रं बसवावी लागतील. सांग, वाईट झालं?"

वाईट झालं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पूर्ण वाईट असतं तर मला टेबलावर काहीतरी आपटता आलं असतं. तिथे पेपरवेटही चांगला होता.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

इतकं सरळ उत्तर त्यांनी मला तीन वर्षांत दिलं नव्हतं.

निघताना मी गळ्यातलं कार्ड काढून दारावरच्या माणसाला दिलं. तो म्हणाला, "झालं काम?" मी म्हटलं, "हो, केव्हाच झालंय, मला आज कळलं."

त्या संध्याकाळी मी मामाकडे गेले नाही. काय घेऊन जाणार? बुधवारी सकाळी मी एक मेल लिहिला. विषय: बैठकीच्या खोलीतील खुर्च्यांबाबत. पहिला मुद्दा, खुर्च्यांची संख्या. चौथा, हात असलेल्या आणि नसलेल्या खुर्च्यांचे प्रमाण. नववा, चाकं. चौदावा: सर्व नमुने व माहिती पूर्ववत पाचही संस्थांकडे सोपवावी, आणि प्रत्येक सहभागीला त्याचा अहवाल पंधरा दिवसांत घरी पोचवावा. पंधरावा, खुर्च्यांचे कापड. एकोणीस मुद्दे झाले. इतका कंटाळवाणा मजकूर मी आयुष्यात लिहिला नव्हता. मला अभिमान वाटला.

पाचही संस्थांना पाठवला आणि सात दिवस मोजायला बसले.

चार मिनिटांनी उत्तर आलं. "वाचलं. मुद्दा चौदाला हरकत आहे. बाकी खुर्च्या ठीक. ता. क. मुद्दा नऊ आणि मुद्दा बारा एकच आहेत, एक काढ. – ताई."

मी बराच वेळ त्या उत्तराकडे बघत बसले. तीन वर्षं मी मेल पाठवत आले आणि सबंध जगात ते शेवटपर्यंत वाचणारं माणूस एकच निघालं. आणि नऊ आणि बारा खरंच एकच होते.

गुरुवारी दुपारी मी कारखान्यात गेले. जेवणाची सुट्टी होती, करवती बंद होत्या. खिडकीतून येणाऱ्या उन्हात भुसा तरंगत होता. एरवी मला ते दृश्य आवडायचं. त्या दिवशी मी तोंडावर हात धरला, मग लाज वाटून काढला.

अकरा जण डबे उघडून बसले होते आणि मामाची फिरकी चालली होती.

"आजोबा, पाणी देऊ का?"

"अरे त्यांना हळू विचार, एक्क्याऐंशीला ऐकू कमी येतं."

"दादा, तुझ्यापेक्षा माझे आजोबा लहान निघाले. आता तू त्यांना अरे-तुरे कर."

मामा हसत होता. हसताना खोकला आला. ते सगळे एकदम गप्प झाले, एकाने डबा बंद केला. मग मामाच म्हणाला, "चालू दे, चालू दे, मेलो नाही अजून," आणि मला बघून, "या, टपाल आलं."

आम्ही मागच्या बाजूला फळ्यांच्या थप्पीजवळ बसलो. तो स्टुलावर, सत्तेचाळीस माझ्याकडे तोंड करून. मी फळ्यांवर.

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"बरं."

मला तिथेच थांबता आलं असतं. त्याने बरं म्हटलं होतं. पण मामाने आयुष्यभर माझा डबा, माझं टेबल, माझी खिडकी, सगळं मापात करून दिलंय. त्याला अर्धवट देता येत नाही.

"माझ्या हातून गेलं, मामा. तो कागद मीच पुढे पाठवला. न वाचता."

"न वाचता?"

"ताईंचा होता."

"तुझ्या वडिलांच्या ऑपरेशनला बसल्या होत्या त्या?"

"त्याच."

त्याने शेजारच्या फळीवरून अंगठा फिरवला. मी म्हणाले, "तू म्हणाला होतास ना, पाचात एक ओली निघते. ताई निघाल्या."

"त्या कसल्या ओल्या," मामा म्हणाला. "त्या चांगल्या वाळलेल्या. कुठे बसायचं, किती दाबायचं, सगळं ठरवून बसल्या होत्या." अंगठा फळीवरून फिरतच होता. "ओली तू."

आतून कुणीतरी चमचा डब्यावर वाजवला. सुट्टी संपली, असा त्याचा अर्थ.

मी पिशवीतून एक कागद काढला. संमती मागे घेण्याचा अर्ज. तो पण मीच लिहिला होता. तीन वर्षांत सहाशे बारांपैकी कुणी मागितला नव्हता. "हा भरला की तुझं रक्त, तुझे आकडे, सगळं काढून घ्यावं लागतं. आणि तुझा अहवाल तुला द्यावा लागतो. यात त्यांना विचारायचं नसतं. गप्प बसून चालत नाही, कुणालाच."

"बाकीच्यांचं काय?"

"त्यांच्यासाठी पण आणलेत. अकरा."

मामाने कानामागची पेन्सिल काढली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. करवती सुरू झाल्या तरी तो वाचत होता. दोन्ही पानं, मागची बाजू, तळाची बारीक अक्षरं. एके ठिकाणी थांबला. "'कारण देणे बंधनकारक नाही.' मग खाली ही जागा कशाला सोडलीय?"

"कुणाला वाटलं तर लिहायला."

त्याने मान हलवली. पेन्सिल ठेवून माझ्याकडून पेन घेतलं आणि त्या जागेत तीन सेकंदांत काहीतरी लिहिलं, सही केली, कागद माझ्या हातात दिला आणि स्टूल उचलून आत गेला. मी कागद वाचला. आता मी सगळंच वाचते.

कारण: भाचीला विचारा.

अर्जावर जुन्या संस्थेच्या डॉक्टरांची सही लागते. मी तो पाठवला आणि एकाहत्तर दिवसांची तयारी केली. एका तासात बघतो-डॉक्टरांचा फोन.

"कारणाच्या रकान्यात हे काय लिहिलंय?"

"सर, तुम्ही वाचलंत?"

"वाचलं म्हणजे? सही करायची आहे ना? कोण ही भाची?"

"मी."

"विचारू का?" ते म्हणाले.

मी दाराबाहेर एक पाय ठेवून त्यांना सगळं सांगितलं. फ्रीजर, पोछा, चौदा. त्यांनी मध्ये एकदाही "बघतो" म्हटलं नाही. शेवटी म्हणाले, "तो मेल मला आला होता?" मी म्हटलं, "आला होता, सर." "हं," ते म्हणाले आणि त्याच दिवशी सही केली. बाकीच्या अकरांतल्या सात जणांनी अर्ज भरले, त्यांच्यावरही केली. उरलेल्या चौघांचं म्हणणं पडलं की बातमीमुळे धूळ ओढायची यंत्रं बसत असतील तर रक्त राहू दे. त्यातल्या एकाने मला विचारलं, "तुमच्या ताईंचं चुकलं का?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "मग यंत्रं बसवू नयेत का?" मी म्हटलं, "बसवावीत." तो म्हणाला, "तुमचं काम अवघड आहे हो."

अहवालासाठी ताईंना लिहावं लागलं. चार मिनिटांत आला. नीट लावलेला, आलेखासकट, शेवटी साध्या भाषेत अर्धं पान: कोणता श्वास कुठे अडतो, काय टाळावं, कोणत्या डॉक्टरांना लगेच भेटावं. इतकं चांगलं मला लिहिता आलं नसतं. ताईंनी ते मामासाठी लिहिलं होतं की माझ्यासाठी, हे मी ठरवायला गेले नाही. वर पाच चिन्हांचा गोल होता. त्या महिन्यात बारा वाजता आमची संस्था येत होती. त्यांनी ती आठवणीने तिथे ठेवली होती. त्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला.

मी अहवाल घेऊन मामाच्या घरी गेले. मामीने दार उघडलं, "अगंबाई, ये ये" म्हणाली आणि माझा चेहरा बघून स्वयंपाकघरात निघून गेली. मामाने पाकीट घेतलं. उघडलं नाही. इकडेतिकडे बघितलं, ते कुठे ठेवावं ते कळेना. एखाद्याने रागाने टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं असतं. सुताराच्या घरात तीही सोय नाही. शेवटी त्याने ते संमतीपत्राच्या जुन्या प्रतीवर ठेवलं, जिच्या चौथ्या पानावर रेघ होती, आणि कपाटाचं दार लावलं. दार आवाज न करता बसलं. त्याचं कोणतंच दार आवाज करत नाही.

"मामा, सॉरी," मी म्हणाले.

तो काही बोलला नाही.

मी थोडा वेळ उभी राहिले. मग मामीचा चहा घेतला आणि घरी आले.

त्याला आज आठ दिवस झाले. मामी सांगते, तो त्या डॉक्टरांकडे जाऊन आला, औषध घेतो, तोंडाला फडकं बांधून रंधा मारतो आणि फडक्यातून शिव्या नीट ऐकू येत नाहीत म्हणून कावतो. माझ्याविषयी काही बोलला का, असं मी विचारलं. "नाही गं," मामी म्हणाली. "काहीच नाही."

सात दिवसांत उत्तर न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल. काल रात्रीपर्यंत फोन आला नाही, म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे आज सकाळपासून मला माफी मिळालेली आहे. सर्वानुमते मंजूर. मी ऑफिसात येऊन खुर्चीत बसले, शिशाचं दार उघडं ठेवलं, फोनला रेंज आहे ना ते तीनदा बघितलं. माफी मिळालेल्या माणसाला असं वाटत नसावं.

मग मी एक मेल लिहिला. विषय: उत्तरांबाबतचा नियम बदलणे. एकच मुद्दा. उत्तर न आल्यास उत्तर आलेले नाही असे समजण्यात यावे. पाच संस्थांना पाच प्रती. सहावी छापून घेतली, पाकिटात घातली आणि मामाच्या पत्त्यावर पोस्टात टाकली.

ताईंचं उत्तर चार मिनिटांत आलं: "हरकत नाही."

बाकी कुणाचं अजून नाही. मामाचंही नाही. नव्या नियमाप्रमाणे त्याचा अर्थ एवढाच, की ते आलेलं नाही.